मुलगा हॉस्टेलला निघालाय? आधी गणपतीचं ठरवा

प्रश्न संगमेश्वर तालुक्यातल्या एका आईंचा आहे. एकुलता एक मुलगा, बारावीपर्यंत रोज एसटीने देवरुखला जाऊन-येऊन शिकला. आता जोसाच्या (आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित प्रवेशाच्या) फेरीत त्याला हिमाचल प्रदेशातलं हमीरपूरचं एनआयटी मिळालंय. नातेवाईक सोडून तो आजवर कुणाकडे एक रात्रही राहिलेला नाही. काय शिकवून पाठवू, बॅगेत काय भरू, फोन किती करू, वडिलांनी पोचवायला जावं का, असं त्यांनी विचारलंय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय: "घरचा गणपती पाच दिवसांचा असतो, हा वाडीच्या भजनात मृदंग वाजवतो, आजोबा म्हणतात पोर गणपतीला घरी पाहिजेच. ते कसं जमवायचं?"

ताई, ही शेवटची ओळ मी पहिली घेतो. घाटावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून माझी नोकरी झाली. गाव माझं राजापूर तालुक्यातलं. कोकणातलं पोर हॉस्टेलात रुळणार की नाही, हे बऱ्याचदा पहिल्या गणपतीत कळतं. घरची आठवण नाशिक-सांगलीच्या मुलांनाही येते, पण आपल्याकडची गोष्ट निराळी. मुंबईचे चाकरमानी मिळेल त्या गाडीला लटकून गावात येतात, वर्षभर बंद असलेल्या घरांची दारं उघडतात, आणि नेमकं त्याच आठवड्यात आपलं पोर गावाबाहेर असतं.

तारखांचा हिशोब बघा. प्रवेशाच्या फेऱ्या आटोपून वर्ग सुरू होतात जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये. गणपती येतात ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही. म्हणजे मुलाचा हॉस्टेलातला साधारण तिसरा ते सातवा आठवडा. नव्या जागी मन लागायलाही साधारण एवढाच वेळ लागतो. याच दिवसांत मेसमध्ये कुणाशेजारी बसायचं ते ठरतं, लायब्ररीत सोबत जाणारा एखादा भेटतो, रूममेटच्या घोरण्याची सवय होते. हे सगळं अर्धं शिजलेलं असताना मूल दहा दिवसांसाठी घरी आलं, की परत गेल्यावर त्याचा पुन्हा पहिला दिवस सुरू होतो. आणि हा दुसरा पहिला दिवस जास्त जड जातो, कारण आता मागे काय सोडून आलोय ते ताजं असतं.

बरं, दहा दिवस मी उगाच म्हणत नाही. हमीरपूरला रेल्वे जात नाही, जवळचं मोठं स्टेशन ऊना. रत्नागिरीहून राजधानी किंवा मंगला धरून दिल्ली, तिथून पुढे रात्रीची बस. घराच्या पडवीपासून हॉस्टेलच्या दारापर्यंत दोन दिवस सहज धरा. पावसात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात. तिकडे हिमाचलात त्याच दिवसांत रस्त्यांवर दरडी येतात. जाण्यायेण्यात चार-पाच दिवस आणि घरी पाच. बहुतेक कॉलेजांत पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, आणि पहिल्या चाचण्याही याच सुमारास येतात.

तेव्हा माझं मत स्वच्छ आहे: पहिल्या वर्षी गणपतीला आणू नका. पुणे, कोल्हापूर, लोणेरे असतं तर मीच म्हटलं असतं, दीड दिवस येऊन जाऊ दे. हमीरपूरहून नको.

पण न येण्यापेक्षा घातक असतं ते "बघू". घरोघरी हेच होतं. निघताना आई म्हणते, "बघू रे, जमलं तर ये." मूल तेवढ्या धाग्याला धरून बसतं. रोज तिकिटाचं वेटिंग बघतं, वर्गात लक्ष नाही, कुणाशी मैत्री नाही, कारण आपण थोड्याच दिवसांत घरी जाणार आहोत. आणि चतुर्थीच्या चार दिवस आधी कळतं की तिकीट कन्फर्म झालं नाही. माझ्या ऑफिसात येऊन रडलेली मुलं बहुतेक या "बघू"वाली असायची. ज्यांना घरून स्पष्ट सांगितलेलं असायचं, ती त्या संध्याकाळी गप्प असायची, पण जेवायची.

म्हणून मुलगा निघण्याआधी एका संध्याकाळी आजोबांसह सगळे बसा. यंदा तो गणपतीला येणार नाही, येणार तो दिवाळीला, हे बोलून टाका. कॉलेजचं वर्षाचं कॅलेंडर संकेतस्थळावर असतं. दिवाळीला सुट्टी आहे का आणि किती, ते मुलालाच शोधून सांगू दे. सुट्टी अगदीच तुटपुंजी असेल तर सेमिस्टर संपल्यावरची तारीख धरा, पण तारीख हवीच. मग मुंबईच्या काकांनाही कळवा. नाहीतर तुम्ही घट्ट राहाल आणि परळचे काका फोन करून म्हणतील, "काय रे, यंदा मृदंग कोण वाजवणार?" मृदंगाचंही तेव्हाच ठरवा. वाडीतल्या एखाद्या लहान पोराला निघण्यापूर्वी त्यानेच दोन-चार ठेके शिकवून जावं. तुमच्या मुलाचं मन त्याने जेवढं हलकं होईल तेवढं समजुतीने होणार नाही.

चतुर्थीला आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल जरूर करा. पण एकदाच, आणि आरतीपुरता. फोन मखरासमोर धरा आणि आरती संपली की ठेवा. तो फोन माजघरातून पडवीपर्यंत पंचवीस माणसांच्या हातातून फिरवू नका, आणि "तुझ्या वाटणीचे मोदक बघ" तर मुळीच नको. तिकडेही तो एकटा नसेल. बाहेरच्या राज्यांतल्या अनेक मोठ्या कॉलेजांत महाराष्ट्रातली मुलं मिळून गणपती बसवतात. मोदक साच्यातले असतील, पण भजनात वाजवणारा मुलगा अशा ठिकाणी दोन दिवसांत सगळ्यांच्या ओळखीचा होतो. जाताना बॅगेत टाळांची एक जोडी टाका. मृदंग नको, रेल्वेत फुटेल.

आता दिवाळीचं तिकीट. रेल्वेचं रिझर्व्हेशन हल्ली साठ दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, पूर्वी एकशेवीस दिवस होते). गणेश चतुर्थीपासून लक्ष्मीपूजन साधारण पंचावन्न दिवसांवर असतं. म्हणजे दिवाळीला घरी यायचं बुकिंग उघडतं ते नेमकं गणपतीच्या आठवडाभर आधीच्या धामधुमीत, जेव्हा घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून ते काम मुलाकडेच द्या. त्याचं स्वतःचं आयआरसीटीसी खातं निघण्यापूर्वी उघडून आधारशी जोडून घ्या. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळलाही ते लागतं. गणपतीच्या दिवशी त्याच्या हातात दिवाळीचं तिकीट असलं, तर त्या दिवसाचा निम्मा भार उतरतो. डिसेंबर-जानेवारीत येणं झालं तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: उत्तरेत धुकं पडलं की गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. दिल्लीला उतरून दोन तासांत दुसरी गाडी, असा बेत करू नका.

काय शिकवून पाठवू, याचं उत्तर मुलगा की मुलगी यावर थोडं बदलतं, वाईट वाटलं तरी. आपल्याकडच्या मुलीला भाकरी येते, कपडे धुता येतात, आजाऱ्याचं बघता येतं. पण सात वाजल्यानंतर ती कधी एकटी बाहेर पडलेली नसते आणि बँकेत तिच्या वतीने भाऊ बोलतो. मुलाचं उलट. तो मध्यरात्री खाडीवर गरवायला जाईल, पण अंघोळीनंतरचा पंचा कुठे जातो ते त्याला ठाऊक नसतं. तुमचा मुलगा असल्यामुळे, त्याच्या कपड्यांना आजपासून हात लावू नका. सांगूही नका, फक्त लावू नका. तिसऱ्या दिवशी शर्ट संपतील, मग तो धुवायला टाकेल, पिळल्याशिवाय वाळत घालेल, पावसात ते वाळणार नाहीत आणि कुबट वास येईल. येऊ दे. हा धडा संगमेश्वरात झाला तर बरं.

दुसरं काम म्हणजे घरातली एक खरी जबाबदारी महिनाभर त्याच्याकडे सोपवा. विजेचं बिल, गॅसचं बुकिंग, किराणा, आजोबांची औषधं. पैसे त्याच्या खात्यावर टाका आणि हिशोब रोज नको, आठवड्याने विचारा. चुकला तर भरून काढू नका. हॉस्टेलात मेसचे पैसे बहुधा सेमिस्टरचे एकदम भरले जातात, त्यामुळे हातखर्चाची रक्कम छोटी दिसते आणि म्हणूनच ती पटकन उडते. सुरुवातीला महिन्याची रक्कम एक तारखेला आणि पंधरा तारखेला अशी दोन हप्त्यांत पाठवा. दिवाळीनंतर एकदम द्या.

तिसरं, कागद. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या भागात घोळ याच ठिकाणी होतो. मुलाचं बँक खातं, आधार आणि शिष्यवृत्तीचा अर्ज या सगळ्यांना बापाचा मोबाईल नंबर जोडलेला असतो. पोर हमीरपूरच्या काउंटरवर उभं, फी भरायची आज शेवटची तारीख, आणि ओटीपी येतो तो संगमेश्वरातल्या वाडीत, जिथे रेंज फक्त वर सड्यावर (कातळाच्या माळावर) गेल्यावर मिळते. बाबा तेव्हा कलमांच्या बागेत. दहा मिनिटांत ओटीपी बाद. हे मी इतक्यांदा पाहिलंय की प्रवेशाच्या दिवशी मी पहिला प्रश्न हाच विचारायचो: नंबर कुणाचा? तेव्हा निघण्यापूर्वी त्याच्या स्वतःच्या नावाचं सिम घ्या, आधार केंद्रावर जाऊन तो नंबर आधारला लावा, मग बँकेत लावा. त्याच फेरीत विचारा की पंधराव्या वर्षानंतरचं बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं अपडेट झालंय का. पुष्कळ मुलांचं राहिलेलं असतं आणि ऐनवेळी ठसा जुळत नाही.

जागा ओबीसी प्रवर्गातून मिळाली असेल तर आपल्या राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेयर दाखला तिथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला. तहसीलला गणपतीच्या आसपास फेऱ्या मारत बसायची वेळ आणू नका. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, मायग्रेशन प्रमाणपत्र, सगळ्यांच्या झेरॉक्स भरपूर काढा, स्कॅन करून मेलवर ठेवा. मूळ कागद तपासून परत मिळायला हवेत. कॉलेजांनी मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत असं युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्येच बजावलंय. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याला आणि पालकांना ऑनलाइन भरावं लागतं, तेही इथूनच भरून छापून न्या.

रॅगिंगचा विषय निघालाच म्हणून. युजीसीचे २००९ चे नियम कडक आहेत आणि बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षाला वेगळं हॉस्टेल असतं, तरी मुलाला एवढं सांगून ठेवा: नाव-गाव विचारणं, गाणं म्हणायला लावणं इथपर्यंत हसून घे, कपडे काढ, दारू पी, पैसे दे, रात्री अमुक खोलीत ये, असं कुणी म्हणालं की "नाही" म्हणायचं आणि त्याच रात्री वॉर्डनला सांगायचं. आणि हसून घेण्यासारख्या गोष्टीचाही जाच वाटायला लागला, तर तीही सांगायची. १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाइन चोवीस तास चालते. नंबर फोनमध्ये असू दे. आणि त्याने तुम्हाला सांगितलं तर "मोठ्यांशी जुळवून घे" हे वाक्य गिळून टाका. आपल्या घरांत ते फार लवकर तोंडावर येतं.

बॅगेबद्दल थोडक्यात. जेवढं तो एकटा उचलून रेल्वेच्या पुलाचे जिने चढू शकतो तेवढंच सामान. स्वेटर, कानटोपी, रजई रत्नागिरीच्या बाजारात शोधू नका. पोचेल तेव्हा तिकडे उकाडाच असेल, आणि थंडीचे खरे कपडे ऑक्टोबरमध्ये तिथेच चांगले आणि स्वस्त मिळतील. त्यासाठी थोडे पैसे वेगळे ठेवा. गादी, बादली, मगही तिथेच. घरून न्यायच्या गोष्टी: दोन चांगली कुलुपं, कपडे वाळवायची दोरी, व्हॅसलीनची मोठी डबी (आपल्या दमट हवेत वाढलेल्या पोरांचे ओठ आणि टाचा तिकडे नोव्हेंबरपासून फुटतात), ताप-जुलाबाची नेहमीची औषधं आणि ती कधी घ्यायची याचा एक कागद.

खाण्याचं म्हणाल तर त्याला पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त आठवेल उकड्या तांदळाची पेज आणि बांगडा. या दोन्हीला तिकडे उत्तर नाही. राजमा, छोले, रोटी याची सवय होते, पण वेळ लागतो आणि सुरुवातीला पोट साफ होत नाही. पाणी जास्त प्यायला सांगा. मेतकूट द्या, आमसुलं द्या, कुळथाचं पीठ देऊ नका कारण ते शिजवणार कुठे. खोलीत हीटर-शेगडीला बहुतेक ठिकाणी बंदी असते. सुकटीची चटणी कितीही घट्ट बंद केलीत तरी रूममेट जर शुद्ध शाकाहारी निघाला तर पहिल्याच आठवड्यात खोलीत शीतयुद्ध. आंबापोळी मात्र मोकळ्या हाताने द्या. ती वाटता येते, टिकते, आणि "ये क्या है?" असं विचारत चार मुलं खोलीत येतात.

त्या "ये क्या है"चं उत्तर त्याला हिंदीत द्यावं लागेल, आणि आपली मुलं तिथे अडकतात. हिंदी कळतं सगळं, पण लिंग चुकेल, लोक हसतील म्हणून तोंड उघडत नाहीत. मग एखादं मराठी टोळकं सापडतं आणि चार वर्षं त्यातच जातात. टोळकं असू दे, आधार असतो तो. पण रूममेट मराठी मागून घेऊ नका. पहिल्या दिवसापासून चुकीची का होईना, हिंदी बोलायला लावा. दिवाळीपर्यंत सुधारते.

अभ्यासाचं एकच सांगतो, आणि ते मुलापेक्षा त्याच्या बाबांसाठी. तो तालुक्यात पहिल्या दोघा-तिघांत असेल. तिथे वर्गातला प्रत्येक जण कुठल्यातरी तालुक्यातला पहिलाच असतो. पहिल्या परीक्षेत तो मध्यावर किंवा खाली दिसला तर "तिकडे जाऊन बिघडला" असा निष्कर्ष काढू नका.

फोन किती? तुम्ही ठरवलेल्या वेळी तुम्ही नाही, त्याने ठरवलेल्या वेळी त्याने करावा. पहिले दोन आठवडे रोज, रात्रीच्या जेवणानंतर, मग जसं विरळ होईल तसं होऊ द्यावं. त्याने एक दिवस फोन केला नाही तर तो रमतोय, हे आधी गृहीत धरा. "जेवलास का?" याचं उत्तर "हो" एवढंच येतं, "आज शेजारी कोण होतं?" विचारलंत तर पाच मिनिटं बोलेल. घरातली वाईट बातमी लपवू नका. आजोबांना दवाखान्यात ठेवलं आणि तुम्ही सांगितलं नाहीत, तरी त्याला चुलतभावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून कळणारच, आणि मग पुढे प्रत्येक "सगळं ठीक आहे" त्याला खोटं वाटेल.

संध्याकाळी रडू येणं, जेवण नकोसं होणं, "मला नाही राहायचं इथे" म्हणणं, हे पहिल्या महिन्या-दीड महिन्यात चालायचंच. ऐकून घ्या, लगेच तिकीट काढू नका. पण तो वर्गात जाणंच बंद करत असेल, दिवसचे दिवस खोलीतून निघत नसेल, झोप पार उडाली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर ती घरची आठवण नव्हे. त्याच दिवशी वॉर्डनला फोन करा आणि कुणीतरी निघा, गणपती असो की दिवाळी. १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. वॉर्डनचा आणि रूममेटचा नंबर पोचल्या दिवशीच घ्या. रूममेटला मात्र उठसूट फोन करून हेरगिरी करायला लावू नका.

आणि बाबांनी जावं का? जावं. सही लागते, नवी जागा डोळ्यांखालून घातली की तुमच्याही मनाला बरं असतं. फक्त रांगेत त्यांनी मागे उभं राहावं. दर प्रवेशाला मी बघायचो: टेबलामागचा कारकून मुलाकडे बघून नाव विचारतो, उत्तर बाप देतो, शाखा विचारतो, बाप, रक्तगट विचारतो, बाप जरा थांबतो, मग घरी आईला फोन लावतो. पोर बाजूला पाठीवरच्या सॅकचा पट्टा ओढत उभं. फाइल मुलाच्या हातात द्या आणि बाबांना म्हणावं, कागद कमी पडला तर तोच म्हणेल, "बाबा, अमुक द्या." खोली मिळाली, गादी-बादली आली, मेसमध्ये एकदा सोबत जेवून झालं की दुसऱ्या दिवशी निघावं. लॉज घेऊन आठवडाभर राहणारे पालक मी पाहिलेत. तोवर मूल संध्याकाळी लॉजवर जेवतं आणि मेसमध्ये त्याची जागा ठरत नाही. बाबांचं परतीचं तिकीट जातानाच्या तिकिटाबरोबरच काढा, आणि दोन्ही मुलाला काढायला सांगा.